मातीच्या चित्रांचे रंगकाम

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील पुष्कळ घरांच्या अंगणांत दगड, विटा आणि माती यांचा किल्ला उभा राहतो. किल्ला तयार झाला की त्यावर वस्ती हवी. सिंहासनावर शिवाजी महाराज, दरवाजाशी भालदार, बुरुजावर तोफेजवळ मावळा, पायथ्याशी गवळण, वाणी आणि विहिरीवर पाणी भरणारी बाई अशी मंडळी मग बाजारातून येतात. मातीच्या या लहान मूर्तींना पुण्याकडे नुसते ‘चित्रे’ असेच म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतील कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी अशा चित्रांच्या रांगाच्या रांगा मांडलेल्या असतात. साच्यातून मूर्ती काढण्यास वेळ थोडा लागतो. रंगवण्यास मात्र पुष्कळ. म्हणूनच घाईने रंगवलेल्या एखाद्या मावळ्याचा डोळा भुवईवर चढलेला असतो आणि मिशी गाल ओलांडून थेट कानापर्यंत गेलेली असते.

ज्यांना असा मावळा खपत नाही, ती मुले कोरी चित्रे आणून स्वतः रंगवतात. काही तर शाडूची चित्रे घरीच घडवतात. या कामाला मोठी सामग्री लागत नाही. एका लहान डब्यात ती सहज मावते. पण ती पारखून घ्यावी लागते. चार बोटे उंचीच्या मावळ्याचा चेहरा जेमतेम चिंचोक्याएवढा असतो आणि त्यावरचा डोळा मोहरीच्या दाण्याहून मोठा नसतो. भिंत रंगवताना हात बोटभर सरकला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. येथे तो सुतभर सरकला तरी शूर मावळा भेदरलेला दिसू लागतो.

या सामग्रीत पहिला मान कुंचलीचा. लहान मूर्तीसाठी सर्वांत लहान कुंचली हवी, असे प्रथम सर्वांनाच वाटते. कुंचलीच्या दांडीवर आकडा छापलेला असतो. आकडा मोठा तितकी कुंचली जाड. शून्याहूनही बारीक अशा दोन शून्यांच्या आणि तीन शून्यांच्या कुंचल्या दुकानात मिळतात. नवशिका हौसेने तीन शून्यांची कुंचली घेतो आणि फसतो. तिच्यावर रंगाचा जो कण मावतो, तो बशीपासून मूर्तीपर्यंत जातानाच सुकू लागतो. डोळ्यापाशी पोहोचेपर्यंत कुंचलीवर ओला रंग उरलेलाच नसतो.

याचे कारण गणितात आहे. थेंबाचा व्यास निम्मा केला तर त्यातील पाणी निम्मे होत नाही. ते आठवा हिस्सा होते. त्याचा पृष्ठभाग मात्र चौथा हिस्सा होतो. पाण्याची वाफ होते ती पृष्ठभागावरून. म्हणजे साठा आठपटीने घटला, पण तो उडून जाण्याची वाट केवळ चौपटीनेच अरुंद झाली. लहान थेंब मोठ्या थेंबाच्या मानाने लवकर वाळतो तो यामुळे. म्हणून जाणता रंगारी बारीक कामालाही एक किंवा दोन क्रमांकाची कुंचली घेतो. तिचे पोट भरदार असते; त्यात रंगाचा पुरेसा साठा राहतो. काम करते ते मात्र तिचे टोक, आणि ते टोक सुईसारखे असले म्हणजे झाले. कुंचली किती लहान आहे, यापेक्षा तिला टोक येते की नाही, हे महत्त्वाचे.

हे टोक कसे तयार होते, ते पाहण्यासारखे आहे. कोरड्या कुंचलीचे केस थोडे विस्कटलेले असतात. ती भांड्यातील पाण्यात बुडवून धरली तरी केस विस्कटलेलेच राहतात. बाहेर काढताच मात्र ते एकमेकांना बिलगतात आणि टोक तयार होते. केस केवळ ओले होण्यानेच चिकटत असते तर पाण्यातही चिकटले असते. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो आणि तो आपला विस्तार होईल तितका कमी करू पाहतो. पाण्याबाहेर काढलेल्या कुंचलीभोवती हा पडदा तयार होतो आणि केसांना आत ओढून घेतो. चांगल्या कुंचलीतील प्रत्येक केस टोकाकडे निमुळता असतो, म्हणून सगळ्या केसांचे मिळून एकच अणकुचीदार टोक बनते. कात्रीने कापलेल्या केसाला निमुळते टोक राहत नाही. बिघडलेली कुंचली कात्रीने सारखी करण्याचा उद्योग व्यर्थ ठरतो तो याच कारणाने.

दुकानात कुंचली घेताना थोडे पाणी मागून घ्यावे. ती भिजवून एक झटका द्यावा. एक टोक आले तर कुंचली घ्यावी. दोन टोके आली, किंवा एखादा केस बाजूला उभा राहिला, तर ती परत ठेवावी. अशा दोन कुंचल्या पुरतात: एक क्रमांकाची बारीक कामाला आणि चार किंवा पाच क्रमांकाची अंगरख्या-धोतरासारख्या मोठ्या भागांना. तिसरी कुंचली जुनी, झिजलेली असावी. रंग कालवण्याचे आडदांड काम तिच्याकडे द्यावे, म्हणजे चांगल्या कुंचल्यांचा जीव वाचतो.

कुंचलीचे केस कशाचे असतात, याचाही विचार करावा लागतो. पूर्वी आपल्या देशातील लघुचित्रे काढणारे कलावंत खारीच्या शेपटीचे केस वापरीत. पुढे मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांना मोठी मागणी आली, कारण त्या केसात लवचीकपणा आणि ताठपणा दोन्ही असतात. पण हे केस मुंगसाला मारून मिळवले जात. एक किलो केसांसाठी सुमारे ५० मुंगसांचा बळी जातो, असा वनरक्षण करणाऱ्यांचा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्याखाली आता मुंगसाला संरक्षण असून त्याच्या केसांच्या कुंचल्या बनवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. तरीही हा व्यापार चोरून चालत राहिला, आणि २०१९ साली केंद्र सरकारच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाला त्यासाठी देशात अनेक ठिकाणी छापे घालावे लागले. शेतातील साप आणि उंदीर खाणारा हा प्राणी एका मावळ्याची मिशी काढण्यासाठी मरावा, याला काही अर्थ नाही. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या कुंचल्या आता उत्तम मिळतात. काही दिवसांनी त्यांचे टोक आकड्यासारखे वळते, एवढाच त्यांचा दोष. पण त्या स्वस्त असतात आणि विद्यार्थ्याच्या कामाला पुरेशा असतात.

टोकाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पुष्कळ मुलांना कुंचली ओठांत धरून तिचे टोक नीट करण्याची सवय असते. ओठांनी टोक सुरेख येते, यात शंका नाही. परंतु या लहानशा सवयीने एकदा मोठा अनर्थ घडवला.

रेडियम हे मूलद्रव्य मारी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली शोधून काढले. ते मिसळलेला रंग अंधारात चमकतो. म्हणून घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे त्या रंगाने रंगवण्याची रीत निघाली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी १९१७ मध्ये असा एक कारखाना सुरू झाला. तेथे तरुण मुली हे काम करीत. कित्येक तर शाळा सोडून नुकत्याच आलेल्या होत्या. मनगटी घड्याळावरचे आकडे ते केवढे! प्रत्येक आकड्याला कुंचलीचे टोक नवे करावे लागे. त्यासाठी ती ओठांत धरावी, असे या मुलींना शिकवण्यात आले होते. हा रंग अपायकारक नाही, असेही सांगण्यात आले होते. ओठांत कुंचली, मग रंगात, मग तबकडीवर, असे दिवसातून शेकडो वेळा चाले. प्रत्येक वेळी रंगाचा सूक्ष्म अंश पोटात जाई. रेडियमचे गुणधर्म कॅल्शियमसारखे असल्यामुळे शरीर ते हाडांत साठवते. काही वर्षांनी या मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजली, साध्या धक्क्याने पाय मोडू लागले. कित्येकींचे प्राण गेले. ग्रेस फ्रायर या त्यांच्यातील एका तरुणीने खटला चालवण्याचा निश्चय केला. वकील मिळण्यातच तिची दोन वर्षे गेली. १९२७ मध्ये ती आणि तिच्या चार मैत्रिणी न्यायालयापुढे उभ्या राहिल्या आणि १९२८ मध्ये कारखान्याला त्यांच्याशी तडजोड करून भरपाई द्यावी लागली. या दुखण्यांचा बोभाटा झाल्यावर कुंचली ओठांत धरण्याची रीत त्या धंद्यातून गेली.

मुलांच्या डब्यात रेडियम नसते, हे खरे. पण रंग म्हणजे खाण्याचा पदार्थ नव्हे. कुंचलीचे टोक काढण्यासाठी ती ओल्या फडक्यावर आडवी टेकवावी आणि हलकेच फिरवत मागे ओढावी. टोक ओठांनी येते तितकेच चांगले येते.

आता रंग. कोणत्याही रंगात दोन वस्तू मुख्य असतात. एक, रंग देणारी भुकटी. दुसरी, ती भुकटी धरून ठेवणारे चिकट द्रव्य. गेरू पाण्यात कालवून मूर्तीला लावला तर ओला असताना तो उत्तम दिसतो. वाळल्यावर बोट फिरवताच तो बोटावर येतो, कारण त्याला धरणारे काहीच नसते. पश्चिम बंगालमध्ये कृष्णनगर येथील घूर्णी वस्तीतील कारागीर मातीच्या लहान मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. शेतकरी, भिस्ती, विणकर, फळविक्या असे लोक ते इतके हुबेहूब घडवतात की त्यांच्या हातावरच्या शिराही दिसाव्यात. बंगालमधील मूर्तिकार परंपरेने रंगाच्या भुकटीत चिंचोक्याची खळ घालतात. आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ कोंडपल्ली येथे हलक्या लाकडाची रंगीत खेळणी होतात. तेथेही खेळण्यांचे भाग जोडताना चिंचोक्याच्या पिठात लाकडाचा भुसा मिसळून केलेला लगदा वापरतात. महाराष्ट्रात ही खळ घोंगडीला देतात. एकाच चिंचेच्या बीने देशाच्या तीन कोपऱ्यांत तीन कामे पत्करली आहेत.

घरी हा प्रयोग करायचा असेल तर बाभळीचा डिंक सोयीचा. तो रात्री पाण्यात भिजत घालावा आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्यावा. गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, निळीचा निळा, काजळाचा काळा आणि खडूच्या भुकटीचा पांढरा, एवढ्या पाच रंगांवर मावळ्यांची सारी फौज रंगवता येते. पिवडीत नीळ मिसळली की हिरवा होतो. गेरू आणि खडू यांत थोडी पिवडी घातली की कातडीचा रंग साधतो. डिंकाचे प्रमाण मात्र खापराच्या तुकड्यावर रंग लावून ठरवावे. वाळल्यावर तो बोटाला लागला तर डिंक कमी; त्याला भेगा पडून पापुद्रे सुटू लागले तर डिंक जास्त. जुन्या रंगाऱ्यांच्या पेटीत याखेरीज हरताळ, हिंगूळ, शेंदूर आणि सफेदा असे. हे रंग तेजस्वी असतात, पण हरताळात सोमल आहे, हिंगुळात पारा आणि जुन्या पद्धतीच्या शेंदरात व सफेद्यात शिसे. त्यांना मुलांच्या डब्यात जागा नाही. घरे रंगवण्याच्या रंगांतही १० लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम भारतात २०१७ पासून लागू आहे.

डिंकाच्या रंगाचा एक उणेपणा आहे. डिंक वाळल्यावरही पाण्यात विरघळतो. अंगरख्याचा पांढरा वाळल्यावर त्यावर तांबडी किनार काढू लागावे, तर खालचा पांढरा उठून किनार गुलाबी होते. बाटल्यांतून मिळणारे ॲक्रिलिक रंग या बाबतीत सरस ठरतात. त्यांत प्लॅस्टिकच्या जातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळून पातळ पापुद्रा बनवतात, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. एकावर दुसरा रंग चढवण्यास हे फार सोयीचे. पण हाच गुण कुंचलीच्या मुळावर येतो. केसांच्या बुडाशी, पत्र्याच्या नळीत हा रंग एकदा वाळला की केस कायमचे फाकतात आणि टोक गेले ते गेलेच. म्हणून कुंचली रंगात निम्म्या केसांपर्यंतच बुडवावी, काम होताच साबणाने धुवावी, बोटांनी टोक करून आडवी किंवा केस वर करून ठेवावी. पाण्याच्या पेल्यात केसांवर उभी करून ठेवलेली कुंचली दुसऱ्या दिवशी केरसुणी झालेली आढळते.

रंग थेट मातीवर लावत नाहीत. आधी अस्तर द्यावे लागते. भाजलेली माती आणि प्लॅस्टर ही दोन्ही पाणी अधाशासारखे पितात. कुंचली टेकताच त्यांतील पाणी शोषले जाते आणि रंग जागच्या जागी अडकतो. रेघ पुढे सरकत नाही. कच्च्या शाडूची तऱ्हा उलट: तिला पाणी जास्त झाले तर नाकडोळेच विरघळतात. दोन्हींवर उपाय एकच. लाकूडकामाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्यात पांढरा रंग मिसळावा आणि त्याचे दोन विरळ हात द्यावेत. कच्च्या मूर्तीवर कुंचली घोळवत बसू नये. एक जाड हात देण्याचा मोह टाळावा. त्याने साच्यातून उतरलेल्या पागोट्याच्या बारीक चुण्या बुजून जातात. अस्तर पांढरेच का? वरचा रंग पातळ असतो. त्यातून आत गेलेला प्रकाश पांढऱ्यावरून परत फिरतो आणि रंग उजळ दिसतो. तोच रंग तपकिरी मातीवर मळकट वाटतो.

बाकीचे साहित्य घरातच सापडते. चित्र बोटांत धरून रंगवू नये. एक बाजू रंगवून होईतो दुसऱ्या बाजूचा रंग घामट बोटांनी पुसला जातो. दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर मेणाचा किंवा घट्ट कणकेचा गोळा बसवून त्यावर चित्र पक्के करावे आणि रीळ हातात धरून ते फिरवत रंगवावे. दोन्ही मनगटे टेबलाच्या किंवा पाटाच्या कडेला टेकवावीत. अधांतरी हात कितीही सरावाचा असला तरी थरथरतोच. रंग कालवण्यास पांढरी बशी घ्यावी. ॲक्रिलिक रंग बशीत लवकर वाळतो, त्याला युक्ती आहे. पसरट थाळीत ओले फडके अंथरून त्यावर पदार्थ गुंडाळण्याचा तेल न शोषणारा कागद ठेवावा आणि त्यावर रंगाचे थेंब घ्यावेत. कागदातून ओल हळूहळू वर येत राहते आणि रंग कितीतरी वेळ ओला राहतो. पाण्याची भांडी दोन हवीत: एक कुंचली धुण्यास आणि दुसरे रंगात घालण्याच्या स्वच्छ पाण्यासाठी. जुन्या धोतराचे मऊ फडके हाताशी असावे. बसण्याची जागा खिडकीशी असावी. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली चित्रावर पडत नाही. भिंग असल्यास चांगले, नसल्यास अडत नाही.

मोठे भाग रंगवून वाळले की चित्र सपाट दिसते. मोठ्या पुतळ्याच्या वस्त्राच्या चुण्यांत खरी सावली पडते. इवल्या चित्राच्या चुण्या इतक्या उथळ असतात की त्यांत सावली धड उतरत नाही. ती रंगाने द्यावी लागते. काजळात थोडा गेरू मिसळून त्यात भरपूर पाणी घालावे. हे काळसर पाणी अंगरख्यावर लावले की ते आपोआप खोलगट भागांत उतरते, आणि जेथे चुणी तेथे सावली तयार होते. उंचवट्यांवर राहिलेले पाणी फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावे. काही क्षणांत पागोट्याचे पेच, दाढीचे केस आणि ढालीवरची फुले जागी होतात. साऱ्या रंगकामात हा भाग सर्वांत आनंदाचा असतो. खालचा रंग मात्र ॲक्रिलिक असावा किंवा त्यावर आधी गोंदाच्या पाण्याचा हात दिलेला असावा, नाहीतर सावलीबरोबर अंगरखाही वाहून जाईल.

डोळे शेवटी. आधी पांढरी आडवी रेघ, मग तिच्यात काळा ठिपका. या ठिपक्यासाठी कित्येक जण कुंचली बाजूला ठेवतात आणि बाभळीचा काटा रंगात बुडवून टेकवतात. काट्याने रेघ ओढता येत नाही, पण ठिपका दर वेळी सारखाच उमटतो. दोन्ही ठिपके पांढऱ्या भागाच्या मधोमध आले तर मावळा टक लावून दचकल्यासारखा पाहतो. ते दोन्ही थोडे एकाच बाजूला सरकवावेत आणि वरच्या पापणीला चिकटवावेत. मग तो पहाऱ्यावर असल्यासारखा दूरवर नजर ठेवून दिसतो.

सर्व वाळण्यास एक रात्र द्यावी आणि मग पारदर्शक रोगणाचा पातळ हात फिरवावा. चेहऱ्याला चकाकी नको असेल तर चमक नसलेले रोगण मिळते. हात देताना चित्राचा तळ विसरू नये. किल्ल्यावर हिरवळ दिसावी म्हणून अळीव पेरलेले असतात आणि त्यांवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले जाते. ती ओल तळातून कच्च्या मातीत चढते आणि वरून सुरेख दिसणारा मावळा तिसऱ्या दिवशी घोट्यातून मोडतो. तळाला रोगणाचे दोन हात द्यावेत, नाहीतर वितळलेल्या मेणात तळ बुडवून काढावा. मेण वितळवण्याचे काम घरातील मोठ्या माणसाने करावे. दिवाळी संपल्यावर चित्रे किल्ल्यावरून काढून कोरड्या कापडाने पुसावीत आणि भुशात किंवा कागदाच्या कपच्यांत ठेवून त्यांचा डबा कोरड्या फळीवर ठेवावा.